वृद्धांच्या हातांना काम आणि संस्थांचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत एका निवृत्त शिक्षकानें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत बोलावयास उभें राहणाऱ्यानें मागें वळून पाहावें व पूर्वजांचे उपकार स्मरावे, असा प्रघात आहे. तें काम माझ्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. मजकडे मंडळानें निराळा विषय सोंपविला. आपल्यांत जीं वडीलधारीं माणसें आज हयात आहेत, त्यांना कामांत आणि लोकसेवेंत संस्थांनीं साह्य कसें करावें, याविषयीं मीं चार शब्द बोलावे, अशी त्यांची इच्छा आहे. मी स्वतः त्याच वयाचा आहें. तेव्हां हा विषय मला परका नाहीं. पण माझा अधिकार वयाचा नसून चुकीचा आहे. म्हणून प्रथम एक कबुली देतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी आपल्या धर्मग्रामाच्या मंडळाचा सभासद होतों. मंदिर झाडणें, वेदीवरचीं फुलें बदलणें, सकाळच्या मिस्सापूर्वीं दार उघडणें, हीं कामें एक बाई तीस वर्षांहून अधिक काळ करीत आल्या होत्या. त्यांचें वय सत्तरीच्या पुढें गेलें. पायऱ्या चढतांना त्यांना दम लागूं लागला. एकदां ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. आम्हां मंडळींना त्यांची दया आली. सभा भरली, आणि बाईंना सन्मानपूर्वक विश्रांति द्यावी असा ठराव झाला. तो ठराव मीच मांडला होता. शाल दिली, श्रीफळ दिलें, टाळ्या वाजल्या. मग त्यांच्याकडून मंदिराची किल्ली मागून घेतली व एका पगारी तरुणाच्या हातीं दिली. आपण एक सत्कृत्य केलें, अशा समाधानानें आम्ही घरीं गेलों.

दोनतीन महिन्यांनीं बाई रविवारींही दिसेनाशा झाल्या. मी त्यांच्या घरीं गेलों, तों त्या भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. डॉक्टरांना विशेष आजार कांहीं आढळला नव्हता. सून म्हणाली, जेवणावरून मनच उडालें आहे. मीं जवळ बसून विचारपूस केली, तेव्हां बराच वेळ त्या कांहींच बोलल्या नाहींत. शेवटीं म्हणाल्या, "मले शाल नोको होती, गुरुजी. मले चाबी पायजे होती."

बंधुभगिनींनो, या एका वाक्यानें मला जें शिकविलें, तें शाळेंत शिकवितांना मला कधीं कळलें नव्हतें. आम्ही त्या बाईंचें ओझें उतरविलें असें आम्हांस वाटलें. प्रत्यक्षांत आम्हीं त्यांचा आधार काढून घेतला होता. आणि हें आम्हीं दुष्टपणानें केलें नव्हतें, दयाळूपणानें केलें होतें. म्हणूनच तें अधिक विचार करण्यासारखें आहे.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. २०११ च्या शिरगणतींत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. त्या वेळीं महाराष्ट्रांत दर शंभर माणसांत जवळजवळ दहा माणसें साठ वर्षांवरचीं होतीं. तेंच प्रमाण येथें लावलें, तर आपल्या जिल्ह्यांत अडीच लाखांहून अधिक वृद्ध होते, असा अंदाज निघतो. तेव्हांपासून हें प्रमाण वाढतच गेलें आहे. तरुण मुलें नागपूर, पुणें, मुंबई येथें गेलीं. गांवीं आईबाप राहिले. आपल्या मंदिरांतील बांकांकडे रविवारीं एकदां नजर टाकली, तरी ही गोष्ट कोणाच्याही ध्यानांत येईल.

परंतु 'वृद्ध' या एका शब्दानें सर्वांची गणना करणें बरोबर नाहीं. मजसारखा नोकरदार अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होतो; त्याला निवृत्तिवेतन मिळतें; त्याला पैशाची चिंता थोडी, पण दिवस मोठा. शेतकऱ्याला निवृत्ति नाहीं. पांढरकवडा, राळेगांव, घाटंजी या बाजूस कापसाच्या हंगामांत जाऊन पाहावें. सत्तर वर्षांची म्हातारी कमरेला ओटी बांधून तरुण सुनेच्या शेजारच्या ओळींत कापूस वेंचीत असते. वेंचणीची मजुरी किलोवर असते, आणि तराजू वय पाहत नाहीं. तिसरा वर्ग ज्यांना शेतही नाहीं व निवृत्तिवेतनही नाहीं अशांचा. सरकारच्या श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ सालीं महिन्यास एक हजारांवरून दीड हजार रुपये करण्यांत आली. ही मदत स्वागतार्ह आहे. पण दीड हजार म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये. त्यांत औषधही आलें, चहाही आला, नातवाच्या हातावर ठेवावयाचा रुपयाही आला. तेव्हां कोणा वृद्धाला मजुरी हवी आहे, कोणाला मान हवा आहे, कोणाला केवळ चार माणसांची सोबत हवी आहे. संस्थेनें पहिला प्रश्न हाच विचारावा : समोरच्या माणसाला यांपैकीं काय हवें आहे? आम्हीं बाईंना हा प्रश्न विचारलाच नव्हता.

वयाकडे न पाहतां काम द्यावें, हा विचार महाराष्ट्राला नवा नाहीं. किंबहुना त्याच्याशीं आपल्या जिल्ह्याचें नातें आहे. पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना, १९७२ च्या दुष्काळाच्या काळांत, रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. या योजनेमागील मूळ विचार वि. स. पागे यांचा. पुढें तिचा कायदा झाला, व तो १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलांत आला. अठरा वर्षांवरील ज्या कोणास अंगमेहनतीचें काम हवें असेल, त्यास तें देण्याची जबाबदारी सरकारनें घेतली. आणि वयाला खालची मर्यादा होती, वरची नव्हती. २००५ सालीं साऱ्या देशासाठीं जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्यानेंही वरची मर्यादा घातली नाहीं. साठ वर्षांचा, सत्तर वर्षांचा मनुष्य कामाला आला, तर 'तूं म्हातारा झालास, परत जा' असें म्हणण्याचा अधिकार कोणास नव्हता.

पण येथेंच एक धडा आहे. दार उघडें होतें, तरी उंबरठा उंच होता. मातीचें काम मोजून मजुरी मिळे. किती खणलें, किती वाहिलें, यावर हिशेब होई. मग टोळींतले तरुण म्हणत, आजोबांना घेतलें तर आपलें माप कमी भरेल. कायद्यानें आंत घेतलेला म्हातारा सोबत्यांनीं बाहेर ठेवला, असें यामुळें होऊं शके. त्यावर उपायही त्याच कायद्यांत होता. कामावर पाणी पाजण्यास माणूस नेमावें. सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें आयांबरोबर आलीं असतील, तर त्यांना सांभाळण्यास एक स्त्री नेमावी, आणि तिला इतरांप्रमाणेंच मजुरी द्यावी. ज्येष्ठांचे स्वतंत्र गट करून त्यांना कमी श्रमाचीं कामें द्यावींत, अशाही सूचना पुढें निघाल्या. जेथें मुकादम समंजस होता, तेथें हीं कामें वडील बायकांना मिळत. जेथें तो तसा नव्हता, तेथें नियम कागदावर राहिला. तात्पर्य हें कीं, वृद्धांना 'मनाई नाहीं' एवढ्यानें भागत नाहीं. त्यांना झेपेल असा कामाचा तुकडा आधींच काढून ठेवावा लागतो.

दुसरें उदाहरण माझ्याच पेशाचें. २०२३ च्या जुलै महिन्यांत राज्य सरकारनें असा निर्णय घेतला कीं, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या, तेथें सत्तर वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांस महिना वीस हजार रुपये मानधनावर तात्पुरतें नेमावें. मला तेव्हां आनंद झाला, हें मी लपवीत नाहीं. पण त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला वाटेंत गांठलें. त्यानें डी. एड. केलें होतें, परीक्षा दिली होती, आणि तो वर्षानुवर्षें नेमणुकीची वाट पाहत होता. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला पेन्शन आहे. माझी जागा तुम्ही घेणार का?" मला उत्तर सुचलें नाहीं. राज्यांत ठिकठिकाणीं तरुणांनीं हाच प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता.

म्हणून मी आज स्पष्टपणें सांगतों कीं, वृद्धांना काम द्यावें याचा अर्थ तरुणांच्या ताटांतला घांस काढून द्यावा असा नव्हे. गांवांत अशीं पुष्कळ कामें आहेत कीं ज्यांसाठीं कोणाचीच नेमणूक होत नाहीं. वाचनांत मागें पडलेल्या मुलाला रोज अर्धा तास जवळ बसवून वाचून घेणें. नव्या शिक्षिकेला, मुलें कोठें अडखळतात तें सांगणें. दवाखान्यांत एकट्या आलेल्या माणसाला केसपेपर काढून देणें. बँकेचा अर्ज भरून देणें. आजाऱ्याच्या उशाशीं बसणें. हीं कामें पगाराच्या पाटावर बसत नाहींत, म्हणून तशींच राहून जातात. वृद्धांची खरी जागा येथें आहे, आणि येथें त्यांच्याशीं स्पर्धा करणारा कोणी नाहीं. मात्र जो वृद्ध गरीब आहे, त्याला केवळ 'सेवा' या गोड नांवाखालीं फुकट राबवूं नये. ज्याला चूल पेटवावयाची आहे, त्याला त्याच्या वेळेचा मोबदला मिळालाच पाहिजे.

वणीहून वर्धा नदी ओलांडली कीं वरोरा जवळच आहे. तेथील आनंदवन आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. बाबा आमटे यांनीं तें १९५१ सालीं कुष्ठरोग्यांसाठीं सुरू केलें. भिक्षेनें माणूस खचतो व श्रमानें उभा राहतो, हा त्यांचा विश्वास होता. ज्यांच्या हातांना बोटें उरलीं नव्हतीं, त्यांनीं तेथें विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले. त्यांच्या हातून जें काम होईल, तें शोधून काढलें गेलें. माणूस कामास योग्य आहे कीं नाहीं एवढेंच पाहून त्याला परत पाठविलें नाहीं. आपल्या वृद्धांच्या बाबतींत हाच नियम लावावयास नको का? डोळा मंदावला असेल, तर मोठ्या अक्षरांची वही द्यावी. गुडघा वांकत नसेल, तर खुर्ची द्यावी. ऐकूं कमी येत असेल, तर सभेंत पुढच्या ओळींत बसवावें आणि बोलणाऱ्यानें समोर पाहून बोलावें. यांपैकीं एकाही गोष्टीला फार मोठा खर्च लागत नाहीं.

बाबांच्याच आयुष्यांतील आणखी एक गोष्ट सांगतों. १९८५ च्या डिसेंबरांत, वयाच्या सत्तरीच्या पलीकडे, त्यांनीं कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेनें 'भारत जोडो' यात्रा काढली. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळें त्यांना धड बसतां येत नसे. तरुण मुलें सायकलींवर होतीं; बाबा गाडींत निजून प्रवास करीत. तरुणांचे पाय आणि वृद्धाचा विचार, असा तो संसार होता. वडील माणसाला सेवेंत ठेवावयाचें, म्हणजे त्याच्या हातीं सायकल द्यावयाची असें नव्हे, हें यावरून शिकावें.

आतां थोडें दूर जाऊं. जपान देशांत वृद्धांचें प्रमाण फार मोठें आहे. टोकियो शहरांत १९७५ च्या सुमारास एक व्यवस्था सुरू झाली व पुढें ती देशभर पसरली. साठ वर्षांवरील लोक एका केंद्राचे सभासद होतात. गांवांतले रहिवासी, दुकानें व कचेऱ्या आपलीं लहानसहान कामें त्या केंद्राकडे नोंदवितात : बागेची छाटणी, सायकलींच्या तळावर देखरेख, पत्ते लिहिणें, किरकोळ दुरुस्ती. केंद्र तीं कामें सभासदांत वांटून देतें, आणि मोबदलाही त्यांना पोंचवितें. आठवड्यांतून थोडेच तास काम. पण कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव रोजची. यांत मोठी इमारत नाहीं कीं यंत्र नाहीं. एक नोंदवही आहे, आणि ती प्रामाणिकपणें ठेवणारें माणूस आहे. ही गोष्ट धर्मग्रामाला, महिला मंडळाला किंवा पतसंस्थेला सहज करतां येण्यासारखी आहे.

दुसरी हकीकत आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशाची आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याच्या काळजाला भिडणारी आहे. तेथें मनोविकाराचे डॉक्टर अगदीं मोजके. डिक्सन चिबांडा नांवाच्या डॉक्टरांनीं २००६ सालीं हरारे शहरांत वस्तींतल्या आज्यांना हाताशीं धरलें. त्यांना थोडें शिक्षण दिलें, आणि दवाखान्याच्या अंगणांत एक लांकडी बांक ठेवला. मनानें खचलेला माणूस त्या बांकावर येऊन बसतो. आजी त्याचें ऐकून घेते, त्याच्या अनेक अडचणींतून एक अडचण निवडून काढते, आणि त्यावर पुढील आठवड्यांत काय करावयाचें, तें त्याच्याच तोंडून वदवून घेते. प्रकृति फार बिघडलेली दिसली, तर ती त्याला वरच्या डॉक्टरांकडे पाठविते. २०१६ सालीं या कामाची शास्त्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. बांकावर आलेल्यांची स्थिति सहा महिन्यांनीं, नेहमींचे उपचार घेणाऱ्यांपेक्षां पुष्कळ सुधारलेली आढळली.

आपल्या जिल्ह्याचें नांव कोणत्या दुःखासाठीं देशभर घेतलें जातें, तें मीं येथें सांगावयास नको. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा १९८६ च्या १९ मार्च रोजीं झालेला अंत आजही दरवर्षीं त्या दिवशीं उपास करून स्मरला जातो. २०१५ सालीं सरकारनें याच कारणासाठीं यवतमाळ व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केलें होतें. कर्ज, नापिकी, बाजारभाव हे प्रश्न आजीच्या बांकानें सुटणार नाहींत; तसें म्हणणें ही शेतकऱ्याची थट्टा होईल. पण रात्रीं ज्याला झोंप येत नाहीं, त्या माणसाचें कोणी ऐकून घेतलें, तर तो दुसऱ्या दिवसाची सकाळ पाहतो, आणि ती सकाळ पाहिली तर पुढचा उपाय शोधतां येतो. आपल्याकडे अशा आज्या आहेत. त्यांनीं नापिकी पाहिली आहे, वैधव्य पाहिलें आहे, आणि तरी त्या उभ्या आहेत. त्यांना शिकविणारी एखादी परिचारिका, त्यांच्या पाठीशीं एखादा डॉक्टर, आणि ऐकलेली गोष्ट गांवभर न करण्याची शपथ, एवढें संस्थेनें पुरविलें, तर त्यांच्या अनुभवाचा केवढा उपयोग होईल!

आर्णी तालुक्यांत उमरी पठार येथें संत दोला महाराजांच्या नांवानें वृद्धाश्रम चालतो. ज्यांना घर उरलें नाहीं, त्यांना छप्पर देणारीं अशीं स्थळें पूज्यच आहेत. परंतु ज्यांना घर आहे आणि तरी जे घरांत असून नसल्यासारखे झाले आहेत, त्यांची संख्या कितीतरी मोठी. त्यांच्यासाठीं आश्रम नको, काम हवें. आणि तें देण्याची जबाबदारी आपल्यासारख्या लहान संस्थांवर येते.

संस्थांनीं काय करावें, तें आतां थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, विचारावें. साठी उलटलेल्या प्रत्येकाच्या घरीं जाऊन, तुम्हांला काय येतें, काय करावेंसें वाटतें, आणि कोणत्या वेळीं झेपेल, हें विचारून वहींत लिहावें. कोणी शिवणकाम जाणतो, कोणी हिशेब, कोणी कलम बांधतो, कोणी अक्षर सुंदर काढतो. एखाद्यानें 'मला आतां विश्रांतीच हवी' असें सांगितलें, तर त्याचाही मान ठेवावा. कामाची सक्ति हीसुद्धां एक प्रकारची निर्दयताच होय.

दुसरी गोष्ट, कामाचे तुकडे पाडावे. आठ तासांचें काम एकाला झेपत नसेल, तर तेंच चौघांत वांटावें. उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरांत जातो. तेव्हां वडील माणसांचें काम सकाळीं दहाच्या आंत संपेल असें पाहावें.

तिसरी गोष्ट, एक वृद्ध व एक तरुण अशी जोडी लावावी. जड उचलणें तरुणानें, सांगणें व सांभाळणें वृद्धानें. यांत दोघांचाही लाभ आहे. वृद्धाला मोबाइलवरून पैसे कसे पाठवावे तें तरुण शिकवील, आणि भांडण न वाढवितां सभा कशी चालवावी तें वृद्ध तरुणाला शिकवील.

चौथी गोष्ट, वाट सोपी करावी. पायरीला कठडा, बसावयास पाठ टेंकेल अशी खुर्ची, पिण्याचें पाणी, आणि जवळ शौचालय. पुष्कळ वृद्ध स्त्रिया सभेस येत नाहींत, त्याचें खरें कारण शेवटचें असतें, पण त्या तें बोलून दाखवीत नाहींत. एस. टी. महामंडळानें २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास विनामूल्य केला. ज्या मोठ्या संस्थेला हजारों गाड्यांत हें करतां आलें, तेथें आपल्याला मंदिराच्या पांच पायऱ्यांना एक कठडा लावतां येऊं नये काय?

पांचवी गोष्ट, पैशाचा व्यवहार स्पष्ट ठेवावा. मानधन किती, जाण्यायेण्याचा खर्च कोणी द्यावयाचा, इजा झाल्यास काय, हें आधीं सांगावें. गरिबाला मागावयास लावूं नये.

सहावी गोष्ट, निरोप देतांना सर्व कांहीं एकदम काढून घेऊं नये. काम हळूहळू कमी करावें, आणि शेवटपर्यंत कांहींतरी हातांत ठेवावें. निदान सल्ला विचारावयास तरी जावें.

आतां माझ्या वयाच्या मंडळींसही दोन शब्द. आपणही निर्दोष नाहीं. अध्यक्षाची खुर्ची आपण वीस वीस वर्षें सोडीत नाहीं. नवीन पोरानें कांहीं सुचविलें, कीं 'आमच्या वेळीं असें नव्हतें' हें आपलें उत्तर तयार असतें. काम मागणें आणि जागा अडवून बसणें यांत अंतर आहे. आपण अधिकार सोडावा आणि सेवा धरावी. ज्याला आपल्यामागून यावयाचें आहे, त्याला आपल्या हयातींतच शिकवून तयार करावें, आणि तो आपल्याहून निराळ्या रीतीनें काम करूं लागला, तर दांत ओठ खाऊं नयेत. तरुण आपल्यापाशीं बसत नाहींत अशी तक्रार आपण करतों. ते बसतील असें आपलें बोलणें आहे का, हेंही पाहावें.

लूकच्या शुभवर्तमानांत हन्ना नांवाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या विधवेची गोष्ट आहे. ती मंदिर सोडून जात नसे, आणि बाळ येशूविषयीं इतरांना सांगणाऱ्यांत ती होती. त्या मंदिराच्या मंडळानें तिला शाल देऊन घरीं पाठविलें नव्हतें, ही मोठीच कृपा म्हणावयाची! २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं जुलै महिन्याचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून नेमून दिला. त्या दिवशीं आपण त्यांना फुलें देतों, तें योग्यच आहे. पण वर्षाचे बाकीचे दिवस त्यांच्या हातांत काय असतें, यावरून आपली परीक्षा होईल.

शेवटीं त्या बाईंविषयीं सांगावयाचें राहिलें. मी त्या दिवशीं घरीं परतलों, आणि पुढच्या सभेंत माझाच ठराव मागें घेण्याची सूचना मांडली. थोडी कुरकुर झाली. 'एकदां सत्कार केला, आतां परत कसें बोलवावें?' असें एक गृहस्थ म्हणाले. फादरांनीं तेव्हां एवढेंच विचारलें कीं, आपल्याला आपल्या ठरावाची लाज राखावयाची आहे कीं बाईंचा जीव? त्यानंतर कोणी बोललें नाहीं. झाडण्याचें व पाणी भरण्याचें काम त्या तरुणाकडेच राहिलें, त्याचा पगारही तसाच राहिला. कारण त्याच्या पोटावर पाय देण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. फुलें, वेदीवरचीं वस्त्रें, आणि सकाळीं दार उघडणें हें बाईंकडे आलें. पायऱ्यांना लोखंडी कठडा बसविला. पहिल्या दिवशीं त्या कठड्याला धरून वर आल्या, तेव्हां त्यांचे पाय कांपत होते; पण किल्ली त्यांनीं दुसऱ्या कोणाला लावूं दिली नाहीं. आज त्या तरुणाला फुलांची आरास त्यांच्यासारखी साधते, आणि तो त्यांना घरचा मुलगा असल्याप्रमाणें घरापर्यंत पोंचवावयास जातो.

त्या आज या सभेंत बसलेल्या आहेत. मीं नांव घेतलेलें त्यांना आवडणार नाहीं, म्हणून घेत नाहीं. पण आपल्या धर्मग्रामांत अशा किल्ल्या आणखी किती जणांकडून आपण काढून घेतल्या आहेत, त्याचा हिशेब या महोत्सवाच्या वर्षांत व्हावा, एवढी माझी विनंति आहे. मंडळाच्या टेबलावर मीं एक कोरी वही ठेवली आहे. सभा संपल्यावर ज्यांना काम हवें आहे त्यांनीं आपलें नांव तिच्या डाव्या पानावर लिहावें, आणि ज्यांच्याकडे काम आहे त्यांनीं उजव्या पानावर. ज्यांना लिहितां येत नाहीं, त्यांच्यासाठीं लिहून घ्यावयास मी तेथें बसणार आहें. माझें पहिलें काम तेंच.

 परमेश्वर या धर्मग्रामाचें, येथील लेंकरांचें व म्हाताऱ्यांचें सदैव कल्याण करो.